जांभूचं आजारपण

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा उजाडला की उरणच्या हवेला चव येते. दुपारनंतर वारा मिठागरांकडून फिरतो. दोरीवरच्या कपड्यांना हात लावला तर बोटांना बारीक खरखर जाणवते, ओठांवरून जीभ फिरवली तर खारट लागतं. म्हसळ्याजवळच्या माझ्या माहेरी या दिवसांत शेतात पालापाचोळ्याचा राब भाजल्याचा वास असायचा, आणि त्यात मिसळलेला आंब्याच्या मोहोराचा. लग्न होऊन इथे आले त्याला बावीस वर्षं झाली, तरी हा वारा सुटला की पहिले दोन-चार दिवस मी या घरात पाहुणी असते.

याच वाऱ्याबरोबर परीक्षा येतात. परवा शेजारच्या सुनंदाताई हॉलतिकिटाची झेरॉक्स काढायला निघाल्या होत्या. त्यांची मुलगी यंदा बारावीला. टीव्हीची वायर काढून ठेवलीय, पाहुण्यांना येऊ नका म्हणून सांगितलंय, असं सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मॅडम, या महिन्यात घरात काय पन होऊ दे, पोरीच्या कानावर जाऊ द्यायचं नाय. बरोबर ना?"

मी शाळेतली बाई. असल्या प्रश्नाला माझ्याकडून 'हो' येणार हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. मी 'तिला शुभेच्छा सांगा' एवढंच म्हटलं. त्या गेल्यावर बराच वेळ दारात उभी राहिले. गेल्या वर्षीचा फेब्रुवारी माझ्यासमोर आला. त्यात आबा होते, तन्वी होती, आणि काचेच्या टाकीत एक जांभळा मासा.

आबा माझे सासरे. सगळं आयुष्य मिठागरात गेलं. आता त्यांच्या मिठागराच्या जागी भराव पडून कंटेनर ठेवायचं आवार झालंय, पण त्यांच्या तळपायांना पडलेल्या भेगा अजून तशाच आहेत. तन्वी माझी एकुलती मुलगी. आणि मासा म्हणजे तिचा जांभू. दहावीचा निकाल लागल्यावर आबांबरोबर जाऊन तिने तो आणला होता. आपल्याकडे या माशाला फायटर म्हणतात. दुकानदाराने मात्र त्याचं खरं नाव सांगितलं, बेटा. आबांना वाटलं, हा आपल्या नातीला म्हणतोय. मग कळल्यावर खूप हसले; सासूबाई गेल्यानंतर त्या महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं ते तेव्हाच. घरी आल्यावर तन्वीने त्याचं नाव जांभू ठेवलं, आबा मात्र 'बेटा'च म्हणत राहिले.

दुसऱ्या माशाबरोबर ठेवलं तर मारामारी करतो, म्हणून हा मासा एकटाच ठेवायचा. त्याचे पंख पाण्यात पसरायचे ते ओल्या पातळाचा पदर धुताना पसरतो तसे. तन्वी अभ्यासाला बसली की तो काचेपाशी यायचा. ती बोट उजवीकडे नेईल तर तो उजवीकडे, डावीकडे नेईल तर डावीकडे. रसायनशास्त्राची सूत्रं तिने त्यालाच म्हणून दाखवली. वर्षभरात माझ्यापेक्षा त्याचीच जास्त पाठ झाली असतील.

तिचं परीक्षा केंद्र पनवेलला आलं. बंदराकडे निघालेल्या ट्रेलरच्या रांगांमधून रोज वेळेवर पोचायची खात्री कोण देणार? म्हणून परीक्षेच्या आधी चार दिवस ती तिथे माझ्या बहिणीकडे राहायला गेली. जाताना जांभूला आबांच्या हवाली केलं. दिवसाला किती दाणे घालायचे, पाणी कधी बदलायचं, नळाचं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचं, सगळं एका कागदावर लिहून दिलं. आबांनी तो कागद आपल्या कॉटच्या वर भिंतीला चिकटवला.

ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी आबांनी हाक मारली. "गो, हिकरं ये. याचं पोट बग. काल असं नव्हतं."

जांभू तळाशी बसला होता. पोट फुगलं होतं. आबांनी मला टाकीवर वाकून वरून पाहायला लावलं. एरवी गुळगुळीत असणारे खवले अंगापासून सुटून उभे राहिले होते. किनाऱ्यावरच्या सुरूची फळं वाळली की पाकळ्या उघडून काटेरी होतात ना, तसा तो दिसत होता.

दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, खवले उभे राहिले ना? मग संपलं. नवीन घेऊन जा, मस्त निळा आलाय." त्याच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता, रोजचीच गोष्ट होती त्याला. मी फोन ठेवला. आबांनी विचारलं, "काय बोल्ला?" मी सांगितलं. त्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली, टोपी घातली. "गुरांच्या दवाखान्यात जाऊ."

मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. झाकणाच्या पारदर्शक डब्यात जांभूला घेऊन आम्ही सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसलो. पुढे एक शेळी होती, मागे एक कुत्रा. शेळीवाली बाई डब्यात डोकावून म्हणाली, "याला पन इंजेक्शन देतात?" आबा गंभीरपणे म्हणाले, "बगू."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आधीच सांगून टाकलं, "माशांचं मी फार केलेलं नाही. पण थांबा." डबा उजेडात धरून त्यांनी खूप वेळ पाहिलं. मग कुणा ओळखीच्या माणसाला फोन केला, वहीत लिहून घेतलं आणि आम्हाला समजावलं. हा जलोदर. आत जंतुसंसर्ग झालाय, मूत्रपिंड काम करेनासं झालंय, त्यामुळे अंगातलं पाणी बाहेर जात नाही, साठत राहतं. खवले त्यानेच उभे राहतात.

आबांनी विचारलं, "म्हंजे किडनी?"

"हो."

सासूबाई किडनीनेच गेल्या होत्या. शेवटच्या महिन्यात त्यांच्या पायांवर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा.

उपाय असा होता. जांभूला लहान टबात, स्वच्छ आणि कोमट पाण्यात वेगळा ठेवायचा. दोन दिवस खायला काही नाही. त्या पाण्यात ठरल्या मापाने औषधाची पूड आणि एप्सम मीठ. "साधं मीठ चुकूनही घालू नका," त्या म्हणाल्या, "त्याने पाणी आणखी आत ओढलं जाईल. हे मीठ वेगळं असतं, सूज उतरवणारं." आणि निघताना जरा थांबून म्हणाल्या, "वाचेलच असं नाही. दहांतला एखादा वाचतो. अगदी आडवा पडला, श्वासाला त्रास व्हायला लागला, तर मला फोन करा. लवंगेच्या तेलाने त्याला शांत झोपवता येतं. हाल करू नका त्याचे."

मेडिकलमधून एप्सम मीठ आणलं. आबांनी पुडी उघडली, चिमूटभर जिभेवर ठेवलं. मी ओरडणार तेवढ्यात त्यांनी तोंड वाकडं केलं.

"वलखीचं हाय हे," ते म्हणाले. "मिठागरात मीठ ओढून झालं का खाली पानी उरतं, त्याची चव अशीच. कडू जहर. आमी ते खाडीत सोडून द्यायचो. आयुष्यभर सोडलं." ते पुडीकडे बघत राहिले. "त्याचं औषद व्हतं हे म्हाईत नव्हतं."

मग त्यांची दिनचर्या सुरू झाली. सकाळचा चहा व्हायच्या आत टब धुवायचा. आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी बादलीतून काढायचं, त्यात थोडं गरम ओतायचं आणि मनगटाची आतली बाजू बुडवून बघायची. तापमान बघायची पट्टी मी मागवली होती. ती आली तेव्हा पट्टीवरचा आकडा आणि आबांच्या मनगटाचा अंदाज तंतोतंत जुळले. फेब्रुवारीतल्या सकाळी इथे अजून गारवा असतो, पाणी निवलं की जांभू तळाशी चिकटून बसे. म्हणून गरम पाण्याची छोटी बाटली टबात तरंगत ठेवायची आणि दर दोन तासांनी बदलायची. मी शाळेत असताना हे सगळं त्यांचं तेच करत. दुपारी घरी आले की दिसायचं ते असं: आबा कॉटवर पाय वर घेऊन बसलेले, स्टुलावर टब, आणि त्यांचा चेहरा पाण्याच्या अगदी जवळ.

माझे यजमान ट्रेलर चालवतात. त्या आठवड्यात गुजरातकडे होते. फोनवर म्हणाले, "आबा माशाला औषध देतायत? आपल्याला तर ताप आला की ओवा चावायला देतात." हसले. मीही हसले.

तन्वीचा फोन रोज संध्याकाळी यायचा. इंग्रजीचा पेपर बरा गेला. फिजिक्स ठीक. आणि मग, "जांभू कसा आहे?"

"मजेत," मी म्हणायचे.

फिजिक्सच्या पेपरच्या संध्याकाळी ती म्हणाली, "आई, फोटो पाठव ना." मी मोबाइलमध्ये शोधला. जानेवारीतला एक होता, पंख पूर्ण पसरलेला, काचेवर उन्हाचा पट्टा. तो पाठवला. तिने लगेच लाल बदाम पाठवले. मला वाटलं, हे बरं झालं. केमिस्ट्री तोंडावर आलीय, उगाच पोरीचं लक्ष कशाला उडवा.

आबांना फोनमधलं फारसं कळत नाही असा माझा समज होता. ते पाठीमागे उभे होते.

"जुना फोटू धाडलास?"

"परीक्षा होऊ दे आबा. मग सांगू."

ते कॉटवर बसले. बाटली बदलायची वेळ झाली होती, पण ते उठले नाहीत. तिथूनच म्हणाले, "मागल्या टायमाला पन आपन असंच केलं."

ते मला आठवायला नको होतं. त्याआधी दोन वर्षं, तन्वी दहावीला असताना सासूबाईंना नवी मुंबईच्या दवाखान्यात ठेवलं होतं. तन्वी तेव्हाही परीक्षेसाठी माझ्या बहिणीकडेच होती. सासूबाई सारखं विचारायच्या, तन्वी कुठाय? आणि तन्वी विचारायची, आजी कशी आहे? आम्ही दोघींना सांगायचो, छान, लवकरच भेटाल. भूमितीच्या पेपरच्या दिवशी सासूबाई गेल्या. आम्ही सगळं उरकलं. शेवटचा पेपर झाल्यावर, दहा दिवसांनी, मी तिला घरी आणलं आणि सांगितलं. ती रडलीसुद्धा नाही. फक्त आजीच्या कॉटवर जाऊन बसली. निकाल चांगला लागला. नातेवाईक म्हणाले, शहाणपणा केलात. मीही तसंच मानत आले होते.

"हा तर मासा आहे आबा," मी म्हटलं.

"मासा तिचा हाय," ते म्हणाले. "डाक्टरीन काय बोल्ली? हाल नको करू. मंग ठरवायचं कोनी? मी ठरवू? मना न्हाय जमणार. तुझ्या सासूच्या टायमाला सगलं दुसऱ्यांनीच ठरवलं. शेवटाला मना आत पन सोडलं न्हाय."

इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला. "लाव तिला."

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. आबांनी काही प्रस्तावना केली नाही. "तन्वी, मी आबा. बेटा आजारी हाय. जलोदर. पाच दिस झाले. मी त्याच्याजवलच हाय. फोटू जुना व्हता." मग ती म्हणाली, "खातोय का?" आबांनी तिला सगळं सांगितलं, पुडीच्या चवीपासून.

केमिस्ट्रीनंतर चार दिवस सुट्टी होती. पेपर सुटल्या सुटल्या ती बसने घरी आली. पाठीवरची सॅक न काढता थेट टबापाशी गेली. जांभू हळूहळू वर आला, तिच्या बोटापर्यंत पोचला नाही, अर्ध्यातून खाली गेला. तिने वाकून वरून पाहिलं आणि तिथेच जमिनीवर बसली. मी पाण्याचा ग्लास घेऊन गेले.

"तू मला खोटा फोटो पाठवलास," ती म्हणाली.

"तुझ्या परीक्षेसाठी..."

"आजीच्या वेळी पण परीक्षाच होती." तिचा आवाज चढला नव्हता. "आई, मी भूमितीचा पेपर लिहीत होते ना, तेव्हा आजी गेली. मी घरी जाऊन तिला काय सांगायचं ते ठरवत होते, कुठलं गणित सोप्पं होतं ते. दहा दिवस मी तिला सांगायच्या गोष्टी जमवत होते. आणि तुम्ही सगळे रोज मला, छान आहे, छान आहे. आता तू 'छान' म्हणालीस की मला भीतीच वाटते."

आता तिला रडू फुटलं, दोन वर्षांनी. मी तिच्याजवळ खाली बसले. माझ्याकडे कारणं पुष्कळ होती, सगळी खरीही होती. पण तिचे खांदे हलत होते आणि त्या कारणांतलं एकही तिच्या उपयोगाचं नव्हतं. मी म्हटलं, "चुकलं माझं." शाळेत रोज मुलांकडून हे वाक्य म्हणवून घेते. स्वतः म्हणायला एवढ्या वर्षांच्या संसारात फारसं जमलं नव्हतं.

ते चार दिवस मला अजून नीट दिसतात. ओटीवर ऊन, तन्वीच्या मांडीवर बायोलॉजीचं पुस्तक, स्टुलावर टब. ती आणि आबा पाळीने बाटली बदलत. पुस्तकात मूत्रपिंडाचा धडा होता; तिने आबांना आकृती दाखवली आणि पाणी कसं गाळलं जातं ते समजावलं. आबांनी आकृतीवर बोट ठेवून विचारलं, "तुझ्या आजीचं इथं बिघडलं?" ती म्हणाली, "हो, इथेच." त्यांनी बोट आकृतीवरून उचललं नाही. तो दवाखाना, ती कागदपत्रं, ते इंग्रजी शब्द, आणि दोन वर्षांनी ओटीवर एका पोरीने त्यांना सगळं समजेल असं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी जांभूची सूज थोडी उतरली. शेपटीकडचे खवले बसले. त्याने एक दाणा खाल्ला. आबांनी मला शाळेत फोन केला, मुख्याध्यापकांच्या फोनवर, आणि निरोप ठेवला: "मॅडमना सांगा, खाल्लं." मुख्याध्यापकांनी काळजीने विचारलं, "घरी कुणी आजारी आहे का?" मी म्हटलं, "हो."

पण ते तेवढंच. तन्वी पनवेलला परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो पुन्हा फुगला, पहिल्यापेक्षा जास्त. मग एका कुशीवर पडला. हवा घ्यायला वर यायचा प्रयत्न करी आणि मध्येच कलंडे. आबांनी टबातलं पाणी कमी केलं, त्याला वर यायला कमी अंतर पडावं म्हणून. ओंजळीचा आधार देऊन त्याला पृष्ठभागापाशी धरत राहिले. त्यांची ती ओंजळ, मिठाने खाल्लेली, वर्षानुवर्षं मीठ गोळा करायची फळी ओढून वाकलेली बोटं, आणि त्यात तो जांभळा जीव. दुपारी त्यांनी स्वतःच सांगितलं, "लाव तिला."

या वेळी व्हिडिओ लावला. मी मोबाइल टबावर धरला. तन्वीने पाहिलं. दुसऱ्या दिवशी बायोलॉजीचा पेपर होता. तिच्या मागे माझ्या बहिणीचं स्वयंपाकघर दिसत होतं, गॅसवर काहीतरी शिजत होतं.

"आबा, त्याला आता त्रास होतोय ना?"

"व्हय."

"मग नको." तिने डोळे पुसले. "पण फोन बंद करू नका. मला बघायचंय."

डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं. त्यांनी सांगितल्याप्रमाणे लवंगेचं तेल कोमट पाण्यात घोळून आबांनी थेंब थेंब टबात सोडलं. खोलीभर तो वास पसरला. तन्वी पलीकडून त्याच्याशी बोलत होती. अधूनमधून एखादं रसायनाचं सूत्र, अधूनमधून त्याचं नाव. त्याच्या कल्ल्यांची हालचाल मंद होत गेली. पंख पाण्यात मोकळे सुटले, पूर्वीसारखे. मग ते हलायचे थांबले. आबांनी आणखी थोडे थेंब सोडले आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितला होता तेवढा वेळ थांबले. घाई केली नाही. मग फोनकडे बघून म्हणाले, "गेला. शांत गेला गो."

"हो," ती म्हणाली. "बघितलं मी."

आम्ही त्याला परसातल्या शेवग्याखाली पुरलं. आबांनी खड्डा स्वतः खणला. आंघोळ करून आले आणि त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. मी रात्रभर काळजीत होते, उद्याचा पेपर कसा जाईल म्हणून. तिने पेपर दिला. चांगला गेला की वाईट ते मी विचारलं नाही, तिने आपण होऊन सांगितलं, "ठीक. एक प्रश्न लिहायचा राहिला." पुढे निकालही तसाच लागला, ठीक. आता ती अलिबागला वसतिगृहात राहून शिकते.

शेवटच्या पेपरनंतर ती घरी आली ती संध्याकाळ मला सांगायचीय. अजून उजेड होता. वारा खाडीकडून येत होता आणि आबा नेहमीसारखे ओटीवर बसले होते. टब धुऊन उन्हात पालथा घातलेला होता. तन्वीने चपला काढल्या, शेवग्यापाशी जाऊन उभी राहिली, परत आली, आणि आबांच्या शेजारी बसली. मी चहा घेऊन आले. मला वाटलं, माशाविषयी काही बोलतील.

ती म्हणाली, "आबा, आता आजीचं सांगा."

"काय सांगू?"

"सगळं. मी इकडे पेपर लिहीत होते तेव्हा तिथे काय काय झालं ते. ती काय बोलायची, कुठल्या कॉटवर होती, शेवटचं काय खाल्लं. कुणी मला सांगितलंच नाही."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा खाली ठेवला आणि पायरीवर बसले. त्यांनी घसा खाकरला, डोळे मिटले. मग म्हणाले, "सोमवार व्हता. सकाली तिना पाय खाली ठेवला न् मना बोल्ली, चप्पल पायात व्हत न्हाय..."

आणि पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.